रोज पुसलेला संगणक, उघडी राहिलेली मेलपेटी : सोलापुरातील एका ऑनलाइन सेवेच्या दुकानाचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडी यांच्या आधाराने जगणाऱ्या दाट वस्तीत, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक दुकान आहे. दुकानाचे किंवा त्यातल्या माणसांचे नाव येथे दिलेले नाही आणि विषय समजण्यासाठी ते लागतही नाही, कारण अशी दुकाने शहरातल्या प्रत्येक पेठेत, कॉलेजच्या फाटकासमोर आणि तहसील कचेरीबाहेर आहेत. दुकानात तीन संगणक आहेत. दोन काउंटरच्या आत असून ते मालक आणि त्यांचा मदतनीस मुलगा वापरतात. तिसरा बाहेरच्या बाजूला, स्वतःचा मेल उघडून प्रिंट काढणाऱ्या किंवा फॉर्म स्वतः भरणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आहे. तिन्ही विंडोजवर चालतात, तिन्हींवर पासवर्ड नसलेले एकच खाते आहे, आणि घटनेच्या वेळी तिन्हींवरच्या क्रोममध्ये मालकांचे स्वतःचे गूगल खाते सिंकसह चालू होते. शिष्यवृत्ती, सातबारा, दाखले, वीजबिल यांचे बुकमार्क एका ठिकाणी ठेवले की तिन्हीकडे आपोआप दिसतात, एवढ्या सोयीसाठी ही व्यवस्था केलेली होती.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी या दुकानात आली. तिची आई विडी कामगार आहे, आणि विडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची जी शिष्यवृत्ती आहे तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. कुटुंब आता सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या कामगार वसाहतीत राहायला गेलेले असले, तरी कागदपत्रांची कामे जुन्या ओळखीमुळे याच दुकानात होतात. तिने बाहेरच्या संगणकावर स्वतःची मेलपेटी उघडली, उत्पन्नाचा दाखला आणि फीची पावती डाउनलोड केली, प्रिंट काढल्या, उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली आणि बस चुकू नये म्हणून घाईने निघून गेली. पुढच्या काही दिवसांत आपण न उघडलेले मेल वाचलेले दिसतात, बँकेकडून आलेला मेलही कोणीतरी उघडलेला आहे, हे तिच्या लक्षात आले. फोनवर गूगल खात्यातली उपकरणांची यादी पाहिली, तेव्हा तीत तिच्या फोनखेरीज विंडोजचा एक संगणक दिसत होता. ती भावाला घेऊन दुकानात आली.

मालकांचे उत्तर ठाम होते. “रोज रात्री शटर ओढायच्या आधी तिन्ही मशीन साफ करूनच आम्ही घरी जातो,” असे ते भावाला म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी बाहेरच्या संगणकावर ब्राउझरची हिस्टरी उघडून दाखवली. त्या दिवशी सकाळपासूनच्या चार-दोन नोंदी सोडल्या तर ती कोरी होती. भावाने काही न बोलता वरच्या पट्टीत मेलचा पत्ता टाइप केला. बहिणीची मेलपेटी उघडली. पासवर्ड विचारला गेला नाही.

येथे कोणी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. साफसफाई खरोखर रोज होत होती. ती होऊनही मेलपेटी उघडी का राहिली, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तीन लहान गोष्टींच्या एकत्र येण्यात सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे साफसफाईची खिडकी. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या की क्रोममध्ये जी चौकट उघडते, तिच्यात वर कालावधी निवडायचा असतो आणि खाली काय पुसायचे त्यावर खुणा करायच्या असतात. दुकानातल्या आवृत्तीत कालावधी आपोआप ‘शेवटचा एक तास’ असा येत असे. मालक स्वतःच्या संगणकावर तो बदलून ‘सर्व काळ’ करत. मदतनीस मुलाने मात्र बाकीच्या दोन संगणकांवर तो कधीच बदलला नव्हता. त्यामुळे रात्री नऊ वाजता पुसताना आठ ते नऊ एवढाच तास पुसला जात होता आणि विद्यार्थ्यांची खरी गर्दी ज्या दुपारी असते ती दुपार जशीच्या तशी राहत होती.

दुसरी गोष्ट व्हॉट्सअॅपची. गिऱ्हाइके कागदपत्रांचे फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवतात आणि प्रिंट संगणकावरून निघते, म्हणून तिन्ही संगणकांवर व्हॉट्सअॅप वेब जोडलेले होते. ‘कुकीज आणि साइटचा इतर डेटा’ (कुकी म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारा लहानसा मजकूर) या ओळीवर खूण ठेवून पुसले की हे जोडणे तुटते आणि पुन्हा जोडायला मालकांचा फोन हातात घेऊन कोड स्कॅन करावा लागतो. सकाळी दुकान मदतनीस उघडतो, मालक आणि त्यांचा फोन उशिरा येतात. मुलाने एकदा ती खूण काढली. क्रोम आधीची निवड लक्षात ठेवत असल्यामुळे ती तेव्हापासून निघालेलीच राहिली. त्याला दोष देणे सोपे आहे, पण सकाळी दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला “मालक येईपर्यंत थांबा” असे रोज सांगण्यापेक्षा त्याने जे केले ते त्याच्या जागी बहुतेकांनी केले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. क्रोममध्ये सिंक चालू असताना एका संगणकावरून हिस्टरी पुसली की ती त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक उपकरणावरून पुसली जाते. कुकी आणि कॅशे (पानांच्या साठवलेल्या प्रती) मात्र ज्या संगणकावर पुसले फक्त त्याच संगणकावरून जातात. मालक आपल्या संगणकावर ‘सर्व काळ’ची हिस्टरी पुसत आणि त्यामुळे बाहेरच्या संगणकाची हिस्टरीही कोरी होत असे. त्या कोऱ्या पानाकडे पाहून दोघांचीही खात्री पटत होती की काम झाले. मागे उरलेल्या लॉगिनची खूण दाखवणारी एकमेव सहज दिसणारी जागा अशा रीतीने रोज स्वच्छ होत होती, आणि लॉगिन मात्र तिथेच होते.

‘टेम्पररी फाइल’ या सैल नावाखाली जे एकत्र मोडते त्याची जोखीम सारखी नाही, हे येथे समजून घ्यावे लागते. कॅशे म्हणजे पानावरची चित्रे, अक्षरांचे साचे, प्रोग्रामचे तुकडे यांच्या प्रती. पुन्हा तेच पान उघडताना त्या जाळ्यावरून आणाव्या लागू नयेत म्हणून ब्राउझर त्या डिस्कवर ठेवतो. बँकांची आणि तत्सम काळजीपूर्वक बांधलेली पाने ‘ही प्रत साठवू नये’ अशी सूचना ब्राउझरला पाठवतात, त्यामुळे खात्याचा तपशील कॅशेत सापडण्याची शक्यता कमी असते. प्रत्येक संकेतस्थळ अशी काळजी घेतेच असे नाही, म्हणून कॅशे पुसणे निरर्थक नाही. परंतु दुकानातल्या मुलाने रोज इमानाने पुसलेला तेवढाच भाग या सगळ्यांत सर्वांत कमी धोक्याचा होता.

कुकीचे तसे नाही. वेबचा मूळ नियम असा की सर्व्हरला आधीची विनंती आठवत नाही. प्रत्येक क्लिक त्याच्या लेखी नव्या माणसाचे असते. या विस्मरणावर उपाय म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकी वेब ब्राउझरमध्ये आणली. आपण एकदा पासवर्ड दिला की सर्व्हर एक लहानसा मजकूर पाठवतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि प्रत्येक विनंतीबरोबर परत दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा हा मजकूर असतो : बिल्ला कोणाच्या हातात आहे हे पाहिले जात नाही, तो दाखवला की चपला मिळतात. फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केल्याने हा बिल्ला परत जात नाही. काही कुकी ब्राउझर बंद होताच नाहीशा होण्यासाठी असतात हे खरे, पण मेलच्या लॉगिनची कुकी त्यांतली नव्हे. शिवाय दुकानातल्या क्रोममध्ये ‘मागे थांबलो तिथून पुढे’ ही सोय चालू होती, आणि ती चालू असली की त्या अल्पजीवी कुकीसुद्धा जपल्या जातात. क्रोमने २०२२ पासून कुकीच्या आयुष्याला ४०० दिवसांची मर्यादा घातली आहे. वर्षाहून अधिक टिकू शकणाऱ्या वस्तूला तात्पुरती म्हणणे धाडसाचे आहे, आणि पुन्हा भेट दिली की संकेतस्थळाला तिची मुदत नव्याने वाढवताही येते.

त्याच बिल्ल्याची दुसरी बाजू मुलीच्या हिताची आहे. संगणकावरची कुकी पुसल्याने बिल्ला फाटतो, पण तो रद्द झाल्याचे सर्व्हरला कळत नाही. फाटण्याआधी कोणी त्याची नक्कल करून घेतली असेल तर ती चालतच राहते. रद्द करणे ‘साइन आउट’नेच होते. म्हणून दुकानातला संगणक त्याच क्षणी पुसण्याची मालकांची तयारी असूनही, तिने आधी आपल्या फोनवरून उपकरणांच्या यादीतला तो संगणक साइन आउट केला, पासवर्ड बदलला, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि पर्यायी मेल कोणी बदलले नाहीत ना हे पाहिले, तसेच आपला मेल कोणा तिसऱ्याकडे आपोआप पाठवण्याची व्यवस्था कोणी करून ठेवलेली नाही याची खात्री केली. हे शेवटचे पाऊल बहुतेक लोक विसरतात. तशी व्यवस्था एकदा करून ठेवलेली असेल तर पासवर्ड बदलल्यानंतरही मेल बाहेर जातच राहतो.

मेल कोणी वाचले हे कळले नाही. दुसऱ्याचे खाते उघडे सापडणे म्हणजे ते वाचण्याची परवानगी मिळणे नव्हे, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४३ परवानगीवाचून संगणकात किंवा त्यातल्या माहितीत शिरणाऱ्याला जबाबदार धरते. पैशाचा व्यवहार झालेला नव्हता. झाला असता तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तातडीने कळवणे हे पहिले काम ठरले असते.

भावाचे म्हणणे असे होते की बहिणीने इन्कॉग्निटो, म्हणजे मागे हिस्टरी न ठेवणारी, खिडकी वापरायला हवी होती. सूचना अर्धी बरोबर आहे. इन्कॉग्निटोत उघडलेल्या लॉगिनची कुकी सर्व इन्कॉग्निटो खिडक्या बंद झाल्यावरच जाते. मागे एक जरी खिडकी खाली दडवून ठेवलेली राहिली तर पुढच्या गिऱ्हाइकाने उघडलेली इन्कॉग्निटो खिडकी त्याच लॉगिनची वाटेकरी होते. दुकानात असे सहज घडू शकते. त्याशिवाय डाउनलोड केलेल्या फाइली डिस्कवर राहतातच, मूळ खात्यात जतन झालेली नावे-पत्ते भरताना सुचवले जातात, आणि संकेतस्थळाला किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसायचे ते दिसताच. या खिडकीच्या नावाने निर्माण होणाऱ्या गैरसमजावरून अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा दाखल झाला होता आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने साठलेल्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. संगणक क्षेत्राबाहेरच्या माणसाने त्या नावावर विसंबावे यात नवल नाही.

मेलपेटीचा उलगडा झाल्यावर मालकांनी स्वतःहून बाकीचा संगणक तपासायला दिला, आणि मोठा प्रश्न खरे तर तिथे होता. नावाच्या रकान्यात एक अक्षर टाइप केले की त्या अक्षराने सुरू होणारी अनोळखी नावे आणि मोबाइल क्रमांक खाली उलगडत. रकाने आपोआप भरणाऱ्या या ऑटोफिलची नोंद दुकानातल्या आवृत्तीत साफसफाईच्या चौकटीच्या पहिल्या पानावर नसून पुढच्या पानावर होती, आणि त्या पानावर दोघांपैकी कोणी कधी गेलेले नव्हते. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये गुणपत्रिका, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, विडी कामगारांची ओळखपत्रे आणि ई-आधारच्या फाइली अशा कित्येक कुटुंबांच्या वस्तू एकत्र पडून होत्या. क्रोममधली डाउनलोडची यादी पुसली की फाइल पुसली जाते, असा समज येथेही होता. प्रत्यक्षात यादी जाते, फाइल राहते.

ई-आधारला पासवर्ड असतो, मग धोका काय, असा मालकांचा प्रश्न रास्त होता. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष, हे जाहीर आहे. नाव आणि जन्मतारीख सांगणारी कागदपत्रे त्याच फोल्डरमध्ये, त्याच दिवशीच्या तारखेने शेजारी पडलेली असताना त्या कुलपाची किल्ली दाराच्या कडीलाच अडकवल्यासारखी होती. शेवटचे चार अंक तेवढे दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच मिळते. जिथे ते चालते तिथे तेच काढून देणे बरे, हे मालकांनी लगेच मान्य केले.

फाइली पुसून टाकण्याला मात्र त्यांनी हरकत घेतली, आणि ती हरकत या प्रकरणातला सर्वांत विचार करण्यासारखा भाग आहे. आठ-पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक परत येते आणि म्हणते, “मागच्या वेळचीच फाइल काढा की.” घरात एकच फोन, तोही भरलेला, कागद ठेवायला कपाट नाही, पोर्टल अर्ज परत पाठवते तेव्हा तेच दाखले पुन्हा जोडावे लागतात. अशा कुटुंबांसाठी दुकानाचा संगणक हेच कागदपत्रांचे कपाट झालेले आहे. मालक ते फुकट सांभाळतात आणि त्यावर गिऱ्हाइकांशी असलेला त्यांचा भरवसा उभा आहे. गोपनीयतेच्या नावाखाली हे सगळे एका रात्रीत पुसणे म्हणजे ज्यांचे रक्षण करायचे त्यांनाच पुन्हा तहसीलच्या रांगेत उभे करणे ठरले असते. माझे मत असे की येथे दोष साठवण्यात नव्हता. विचारल्यावाचून, नावानिशी न लावता आणि कोणालाही उघडता येईल अशा जागी साठवण्यात होता. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमती आणि उद्देश या दोन गोष्टींभोवतीच रचलेला आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती पुसावी.

मालकांची दुसरी भीती कायद्याचीच होती. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार वापरणाऱ्याची ओळख पटवून नोंदवही ठेवावी लागते आणि कोणती संकेतस्थळे पाहिली गेली याची नोंदही किमान एक वर्ष जपावी लागते. “उद्या पोलिसांनी विचारलं तर पुसलेलं काय दाखवू?” हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता, कारण जनतेला इंटरनेट वापरू देण्याचा व्यवसाय अशी सायबर कॅफेची व्याख्या व्यापक आहे आणि बाहेरचा संगणक तिच्यात बसतो. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. कोण, केव्हा, कोणत्या संकेतस्थळावर गेला ही नोंद वहीत आणि नेटवर्कच्या पातळीवर ठेवता येते. त्यासाठी त्या माणसाच्या मेलपेटीची उघडी कुकी किंवा त्याच्या आधारची प्रत जपण्याची गरज नाही. गंमत अशी की जुन्या पद्धतीत नेमके उलटे होत होते : कायद्याला हवी असलेली हिस्टरी रोज पुसली जात होती आणि कोणालाच नको असलेली लॉगिन टिकून राहत होती.

व्यवस्था बदलताना रात्रीच्या एका मोठ्या साफसफाईऐवजी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उठण्याला महत्त्व देण्याचे ठरले, कारण सकाळी दहाला उघडी राहिलेली मेलपेटी रात्री नऊला पुसून मधल्या अकरा तासांचे काहीच भरून निघत नाही. बाहेरच्या संगणकावरून मालकांचे खाते काढले आणि तिथे क्रोमची गेस्ट खिडकीच वापरायची असे ठरवले. गेस्टमध्ये मालकांचे बुकमार्क, जतन केलेले पत्ते वा पासवर्ड यांतले काहीच दिसत नाही, आणि सर्व गेस्ट खिडक्या बंद केल्या की कुकी, हिस्टरी, कॅशे सगळे त्यांच्याबरोबर जाते. गिऱ्हाईक पैसे द्यायला काउंटरवर आले की मुलगा बाहेर जाऊन सर्व खिडक्या बंद करतो. हे लक्षात राहावे म्हणून वहीत निघण्याची वेळ लिहितानाच त्यासमोर खूण करायची पद्धत ठेवली. बुकमार्क नसल्यामुळे लोक पोर्टलचे नाव शोधून बनावट संकेतस्थळावर जातील अशी शंका आली, म्हणून नेहमीच्या सरकारी पोर्टलांचे अचूक पत्ते मोठ्या अक्षरांत छापून पडद्याशेजारी चिकटवले.

याची किंमत आहे. कॅशे प्रत्येक वेळी रिकामा असल्यामुळे पाने हळू उघडतात, आणि संध्याकाळी नेट मंदावले की ते जाणवते. दर वेळी नव्याने लॉगिन करून ओटीपीची वाट पाहावी लागते. मदतनीस मुलाचा पहिल्या आठवड्यातला कंटाळा त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. गेस्टमध्ये डाउनलोड झालेली फाइल डिस्कवर राहतेच, म्हणून विंडोजमधल्या स्टोरेज सेन्सला बाहेरच्या संगणकावर डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या आणि रिसायकल बिनमध्ये पडलेल्या फाइली एका दिवसानंतर काढून टाकायला सांगितले. त्या संगणकात जुनी हार्ड डिस्क असल्याने पुसलेली फाइल त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत परत मिळवता येऊ शकते. रोज दुकानात येऊन बसणाऱ्या सामान्य माणसापासून संरक्षण एवढ्याच माफक हेतूसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे, डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची झाली तर नाही.

कपाटाच्या प्रश्नावर मधला मार्ग निघाला. फाइल ठेवायची का, हे गिऱ्हाइकाला तोंडी विचारायचे. हो म्हटले तर मालकांच्या पासवर्ड लावलेल्या संगणकावर कुटुंबाच्या नावाचा फोल्डर करायचा आणि अर्ज मंजूर झाला की तो पुसायचा. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि आधार ज्यांना डिजिलॉकरमध्ये मिळतात त्यांना तो उघडून देण्याचे कामही दुकानाने सुरू केले आहे, जरी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना किंवा बंद असल्याने अनेकांचे ते तिथेच अडते.

व्हॉट्सअॅप वेब आता फक्त मालकांच्या संगणकावर जोडलेले आहे आणि सकाळी लवकर आलेल्या गिऱ्हाइकाच्या प्रिंटसाठी मुलगा तोच संगणक वापरतो. दुकानाच्या नंबरवर येणाऱ्या नव्या गप्पांमध्ये संदेश २४ तासांनी नाहीसे होण्याची सोय लावली आहे. तिने गप्पांमधला फोटो जातो. संगणकावर उतरवून घेतलेली प्रत जात नाही, आणि मालकांच्या फोनच्या गॅलरीत आपोआप साठलेले, सोय लावण्यापूर्वीचे दाखले आणि आधारचे फोटोही तिथेच आहेत. घरच्या लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळलेले असल्यामुळे ते एकेक पाहून निवडावे लागतात, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपेपर्यंत त्याला हात लावायला सवड नाही असे मालकांचे म्हणणे आहे.